सही देण्याआधी वाक्य चार भाषांत बोलून पाहा

"काय करानं शे, बहिन?" मी विचारते.

"भाऊले सही देवानी शे," समोरची बाई म्हणते.

मग मी कागदावर लिहिते : ‘सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा व त्यावरील माझे सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध मी लिहून घेणार यांचे लाभात कायमचे सोडून देत आहे.’

काम एकच. पण पहिल्या वाक्यात बाई काहीतरी देते आहे, आणि देते ती फक्त सही. दुसऱ्या वाक्यात ती सोडते आहे, आणि सुटते ती जमीन. दस्त मी मोठ्याने वाचून दाखवते, बाई मान डोलावते, पण डोक्यात तिच्या पहिलंच वाक्य चालू असतं. मला हे कळतं, कारण १९९८ साली वडील गेल्यावर मीही अशीच मान डोलावली होती.

मी शिरपूरची दस्तलेखक. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र. माणसं बोलतात, मी लिहिते. आधी सासरे लिहायचे, टाकाने, २००१ पासून मी लिहू लागले, बॉलपेनने, आता संगणकावर. माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, म्हणून घरची बोली अहिराणी. कागदावरची भाषा मराठी, तीही मौजे, सबब, येणेप्रमाणे अशी. आग्रा रोडवरच्या व्यवहाराला हिंदी लागते. सांगवी-बोराडीकडून येणारे पावरा आदिवासी पक्षकार आपसात पावरीत बोलतात आणि माझ्याशी मराठीत. इंग्रजी माझी अर्ज भरण्यापुरती. माणूस एका भाषेत सांगतो आणि मी दुसऱ्या भाषेत लिहिते; या दोन्हीच्या मध्ये काय गळतं आणि काय नवीन चिकटतं, ते बघायची सवय मला वीस वर्षांत लागली. तिच्यातून एक पद्धत तयार झाली. पक्षकारांना मी ती तोंडी सांगत आले, इथे लिहून ठेवते. जमीन, कर्ज, लग्न, नोकरी, कुठलाही मोठा निर्णय असो, तिला अर्धा तास आणि एक वही लागते.

वही

फुलस्केप वही घ्या. पान आडवं धरून जितक्या भाषा तुमच्या तोंडात आहेत तितके उभे रकाने पाडा. खानदेशात दोनच्या खाली कोणाचेच होत नाहीत. घरात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, गोरमाटी, भिली, पावरी, उर्दू यांतली एखादी असतेच, वर मराठी, वर हिंदी. "आमची काय ती भाषा, अशुद्ध मराठी" असं म्हणून घरच्या बोलीचा रकाना गाळू नका. ग्रिअर्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९०७ साली भारतीय भाषांच्या पाहणीचा जो खंड काढला, त्यात खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, भिली भाषांच्या शेजारी स्वतंत्र जागा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत तिचे बोलणारे १८ लाखांच्या वर आहेत. मुद्दा अभिमानाचा नाही. ज्या भाषेत तुम्हाला आईने रागावलं, त्या भाषेत निर्णयाचं वजन सगळ्यात नीट कळतं, म्हणून तो रकाना पहिला.

आता निर्णयाचं एकच वाक्य घ्या आणि प्रत्येक रकान्यात लिहा. इथे सगळे चुकतात. पहिल्या रकान्यात लिहितात आणि पुढे भाषांतर करत सुटतात. भाषांतराने काही हाती लागत नाही, सगळ्या रकान्यांत तोच विचार कपडे बदलून उभा राहतो. त्यापेक्षा माणूस बदला. अहिराणीत आईला सांगताय असं बोला, आई नसेल तर तिच्या खाटेकडे बघून. मराठीत तलाठ्याला सांगा. हिंदीत बऱ्हाणपूरच्या केळीच्या व्यापाऱ्याला. इंग्रजीत, येत असेल तर, पुण्याच्या भाच्याच्या साहेबाला. आधी मोठ्याने बोला, मग जसं तोंडातून आलं तसं लिहा. सुधारू नका.

एक पथ्य : घरच्या बोलीच्या रकान्यात ‘टेन्शन’ आणि ‘प्रॉब्लेम’ हे दोन शब्द बंद. टेन्शन या शब्दाखाली माणूस काहीही दडपतो. मागे एक गृहस्थ आले, म्हणाले, "जमीन विकून टेन्शन संपवायचंय." मी म्हटलं, टेन्शन म्हणजे घोर का धाक का लाज? बराच वेळ बसले. मग म्हणाले, "लाज." धाकट्या भावाने ट्रॅक्टर घेतला होता आणि यांचं नाव अजून सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत होतं. लाजेवरचा उपाय वेगळा असतो, त्यासाठी गट नंबर विकावा लागत नाही.

वही वाचायची कशी

रकाने भरले की पहिल्यांदा कर्ता शोधा. कोणत्या भाषेत ‘मी’ आला आणि कोणत्या भाषेत गोष्ट आपोआप घडली? आपल्याकडे कप फुटतो, दूध नासतं, पैसे संपतात, जमीन जाते. करणारा बाजूला उभा असतो. इंग्रजीत बहुधा ‘त्याने कप फोडला’ असं म्हणतात, चुकून फुटला असला तरी. स्पॅनिशची मोडणी या बाबतीत आपल्यासारखी. अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना चित्रफिती दाखवल्या : कोणी मुद्दाम फुगा फोडतो, कोणाच्या हातून चुकून फुटतो. मुद्दाम फोडणारा दोघांनाही सारखाच आठवला. चुकून फोडणारा मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांना जास्त लक्षात राहिला. रोजच्या बोलण्यात त्याचं नाव घ्यायची सवय असल्यामुळे डोळाही तिकडे जातो, इतकाच त्याचा अर्थ.

माझ्याकडे येणाऱ्या वाटण्यांच्या भांडणांत निम्मी गाडी इथेच अडते. "वावर गयं," थोरला म्हणतो. कसं गयं? कोणी विकलं? कोणत्या साली, कोणाच्या अंगठ्याने? त्याला हिंदीत सांगायला लावलं की तो म्हणतो, "पिताजी ने बेच दिया था." झालं, वडील वाक्यात आले. लपवत नव्हता तो, घरी त्या वाक्यात वडिलांना जागाच नव्हती. म्हणून वहीत जिथे जिथे ‘गेलं, झालं, संपलं, राहून गेलं’ दिसेल, त्याखाली रेघ मारा आणि शेजारच्या रकान्यात माणसाचं नाव घालून तेच वाक्य पुन्हा म्हणा. तोंड कडू होतं कधीकधी. होऊ द्या.

दुसरं शोधायचं ते ‘आपलं’ आणि ‘आमचं’. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

मराठीला एक सोय आहे, ती हिंदीला नाही आणि इंग्रजीलाही नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की ऐकणाराही ताटावर. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटलं की ऐकणारा ओसरीवर. हिंदीत दोन्हीला ‘हम’. गुजरातीत हा फरक आहे, तेलुगूतही आहे. नवापूरच्या स्टेशनात अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात पडतो. तिथल्या बाकावर बसलेला गुजराती आणि मराठी माणूस एकमेकांना एका शब्दात घरात घेऊ शकतात किंवा बाहेर ठेवू शकतात, आणि तिसरा हिंदी बोलणारा आला तर त्याला ते वेगळं सांगावं लागतं.

वडील होते तोवर माझा भाऊ वावराला ‘आपलं वावर’ म्हणायचा. सही दिली त्या वर्षीही आपलंच होतं. तीन-चार आखाज्या गेल्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींनी माहेरी यायचा सण. एका आखाजीला मी माहेरी गेले, झोका बांधला होता, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, आणि भाऊ कोणाला तरी सांगत होता, "औंदा आमना वावरमा कपाशी चांगली शे." तो माझ्या बाजूला बसला होता. वाईट हेतू नव्हता त्याचा, मला मांड्यांतला पहिला मांडा त्यानेच वाढला. पण शब्द बदलला होता, आणि तो बदलला हे त्याला माहीत नव्हतं. कागदाने जे १९९८ साली केलं ते त्याच्या जिभेने चार वर्षांनी केलं.

गंमत पुढे आहे. अलीकडे भाच्याचा फोन आला, पुण्याहून. "आत्या, आपण ती प्रॉपर्टी डिस्पोज करायचा विचार करतोय." आपण! सात-बाऱ्यावर पंचवीस वर्षांत माझ्या नावाचा पत्ता नाही आणि हा मला ‘आपण’मध्ये घेतो. हे पोर दिवसभर ऑफिसात इंग्रजीत बोलतं, तिथे सगळ्यांना मिळून एकच शब्द, त्यामुळे त्याच्या मराठीतलं आपण-आम्हीचं कुंपण मोडून पडलंय. मला हसू आलं आणि बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तर वहीत बघा : ज्यांच्या सह्या लागणार आहेत, ते तुमच्या वाक्यात ‘आपण’मध्ये आहेत का ‘आम्ही’मध्ये? हिंदी किंवा इंग्रजी रकान्यात ते कळणार नाही. तिथे ‘हम’ लिहिलं असेल तर कंसात नावं लिहा. दस्तात आम्ही तेच करतो, ‘लिहून देणार क्रमांक १ ते ५’, प्रत्येकाचं नाव, वय, धंदा. कायद्याला सर्वनामांचा भरवसा नाही.

तिसरी गोष्ट वस्तूच्या नावाची. बेंजामिन ली व्होर्फ नावाचा एक अमेरिकन माणूस होता, जन्म १८९७ चा. भाषेमुळे विचार घडतो या म्हणण्याशी आज सगळ्यात जास्त त्याचंच नाव जोडलं जातं. पोटापाण्याला तो प्राध्यापक नव्हता, हार्टफर्डला आगीच्या विमा कंपनीत तपासनीस होता. आगी का लागतात ते बघत फिरायचा. त्याने पाहिलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात आणि ‘रिकाम्या’ पिंपांजवळ बिडी ओढतात. रिकाम्या पिंपात वाफ असते, ती जास्त भडकते. पण रिकामं म्हटलं की माणूस निर्धास्त. मला हा माणूस आवडतो, कारण तोही माझ्यासारखाच कागदांच्या धंद्यातून इकडे आला.

त्याची पिंपं आपल्या वावरातही आहेत. कपाशीवर आपण काय फवारतो? औषध. "औषध मारलं का?" "औषधाला किती गेले?" विष कोणीच म्हणत नाही. डब्यावर त्रिकोण छापलेला असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा; पण घरात शिरताना तो डबा औषध होऊन शिरतो. आमच्या घरी तो फडताळात, मुलाच्या खोकल्याच्या बाटलीपासून हातभर अंतरावर असायचा. मी एका वर्षी घरात ‘औषध’ म्हणायचं बंद केलं. "जहर आणलं का? जहर कुठे ठेवलंय?" नवरा चिडला, सासूने तोंडाला पदर लावला. हातमोजे तो अजूनही कधी घालतो, कधी घालत नाही. पण डबा फडताळातून गोठ्यात गेला, आणि रिकामा झाला की त्यात पाणी भरून ठेवणं बंद झालं. एवढं एका शब्दाने झालं, त्याच्यापुढे झालं नाही.

कर्जाचंही असंच. पोरं म्हणतात, "लोन केलं." जसं काही जेवण केलं. आईच्या तोंडी "कर्ज काढलं". आणि सात-बाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात येतो तो ‘बोजा’. बोजा चढतो, फेडला की उतरतो. तिन्ही एकच रक्कम. बँकेत जाण्याआधी वहीत तिन्ही शब्दांनी तेच वाक्य लिहा : एवढ्या लाखांचं लोन करतोय, एवढ्या लाखांचं कर्ज काढतोय, माझ्या वावरावर एवढ्या लाखांचा बोजा चढवतोय. तिसरं वाक्य म्हणून झाल्यावरही जायची इच्छा असेल तर खुशाल जा. मी स्वतः दोनदा गेले आहे.

कोणती भाषा कधी धरायची

परक्या भाषेत माणूस थंड डोक्याने विचार करतो, हे आता प्रयोगांनी दाखवलंय. जुना एक प्रश्न आहे : ६०० माणसं साथीत सापडली आहेत. एका उपायाने २०० नक्की वाचतील, दुसऱ्या उपायात नशिबाचा खेळ आहे, सगळे वाचतील किंवा कोणीच नाही. लोक पहिला उपाय निवडतात. मग तोच प्रश्न ‘४०० नक्की मरतील’ असा फिरवून विचारला की लोक जुगाराकडे वळतात. हिशोब तोच, शब्द फिरले. २०१२ साली शिकागोच्या बोअझ कायझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हाच प्रश्न नंतर शिकलेल्या भाषेत विचारला तर ही उलटापालट जवळजवळ नाहीशी होते. दोन वर्षांनी आणखी एका गटाने पाहिलं, की पाच जणांना वाचवायला एकाला ढकलून द्यावं का, या प्रश्नाला परक्या भाषेत ‘हो’ म्हणणारे वाढतात.

यातून काय घ्यायचं? आकडे, व्याज, टक्के, मुदत हे सगळं आईच्या भाषेत करू नका. ते हिंदीत करा, इंग्रजीत करा, निदान दस्ताच्या मराठीत करा. व्यापारी "दादा, आपला माणूस म्हणून सांगतो" असं अहिराणीत सुरू झाला की मी पक्षकाराला हळूच म्हणते, याला हिंदीत भाव विचार. गोड बोलणं ज्या भाषेत गोड लागतं ती सोडली की आकडा उघडा दिसतो.

आणि उलट. कोणाला काही कबूल करायचं असेल, आईबापाला सांभाळायचं ठरवायचं असेल, बहिणीला काय द्यायचं ते ठरवायचं असेल, तर ते परक्या भाषेत ठरवू नका. भाचा ‘प्रॉपर्टी डिस्पोज’ म्हणाला ते त्याच्या तोंडून सहज निघालं, कारण त्या शब्दांना ना बांध आहे ना विहीर. मी त्याला म्हटलं, हेच तुझ्या आजीला सांगतोय असं अहिराणीत बोल. "वावर..." म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "आत्या, ‘इकी टाकूत’ असं म्हणायला कसंतरीच होतंय." विकू नको असं मी त्याला म्हटलं नाही. विकायचं तर ‘इकी टाकूत’ म्हणता येईल तेव्हा विक, एवढंच म्हटलं.

फसाल कुठे

वही आठवडाभर ठेवली की माणसाला भलताच जोर चढतो. ‘अमक्यांच्या भाषेत तो शब्दच नाही, म्हणून त्यांना तो विचारच करता येत नाही’ असं बोलायला लागतात. व्होर्फचंही तेच झालं. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाची आपल्यासारखी कल्पना नाही असं तो सांगून बसला, आणि १९८३ साली मालोटकी नावाच्या अभ्यासकाने होपीतल्या काळाच्या शब्दांनी भरलेला जाडजूड ग्रंथच पुढे ठेवला. आपलंच बघा. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेलाही आणि येणारा पण. हिंदीवाल्यांचा तर ‘कल’सुद्धा दोन्हीकडचा. म्हणून कोणी परवा दिलेले पैसे परवा द्यायच्या पैशांत मिसळतो का? सावकार तर मुळीच नाही. क्रियापद काम भागवतं, आणि पैशाचा मामला असेल तर मी तारीख घालते.

लिंगाचंही तसंच. केळ आपल्याकडे स्त्रीलिंगी, ती निसवते. हिंदीत केला पुल्लिंगी. म्हणून रावेरचा शेतकरी केळीला लेक समजतो आणि बऱ्हाणपूरचा तिला मर्द समजतो असं काही नाही, दोघंही घड समजतात. जर्मनला पूल नाजूक वाटतो आणि स्पॅनिश माणसाला दणकट, कारण एकात तो बाई आणि दुसऱ्यात बाप्या, ही गोष्ट फार फिरते. तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसं काही सापडलं नाही. सोडून द्या.

दिशांचं मात्र सोडू नका, कारण ते पोरांना घेऊन घरी करता येतं. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे. ‘कांगारू’ हा शब्द तिथलाच, कॅप्टन कुकच्या लोकांनी १७७० साली टिपून घेतलेला. त्या भाषेत जागा सांगताना डावं-उजवं चालत नाही, सगळं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिणेत. ‘तुझ्या पूर्वेच्या पायाशी मुंगी आहे’ अशा थाटाचं बोलणं. स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकाने त्यांच्यासाठी केलेली चाचणी अशी : उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. ओट्यावर बट्टी, मिरची, कांदा ओळीने ठेवा, बट्टी डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला. नीट बघा, मागे वळा, आणि दुसऱ्या टेबलावर तीच ओळ मांडा. बट्टी पुन्हा डाव्या हाताला ठेवली तर तुम्ही शरीराने मोजता. उजव्या हाताला, म्हणजे पुन्हा पश्चिमेलाच ठेवली, तर तुम्ही दिशेने मोजता. माझ्या मुलाने डावीकडे ठेवली. सासऱ्यांच्या वयाचे एक पक्षकार चहा पिता पिता उठले आणि न विचारता उजवीकडे ठेवून बसले.

मला नवल वाटलं नाही. चतुःसीमा सांगताना ही जुनी माणसं दुकानात बसून हात करतात, आणि दुकानाचं तोंड कुठेही असो, हात खऱ्या उगवतीलाच जातो. उत्तरेला सातपुडा दिसतो, तापी मावळतीला वाहते, पाट कुठून येतो ते ठाऊक असतं, चुकणार कसे? हे सगळं भाषेच्याच खात्यावर टाकू नका, हेही तितकंच खरं. २००२ मध्ये पेगी ली आणि लायला ग्लाइटमन यांनी दाखवलं की इंग्रजी बोलणारे कॉलेजातले विद्यार्थीसुद्धा, खोलीतून बाहेरची खूण दिसत असली की वेगळी ओळ मांडतात. म्हणजे थोडं भाषेचं, थोडं सातपुड्याचं. पोरांवर प्रयोग करताना एकदा खिडकी उघडी ठेवून करा, एकदा लावून.

आणखी एक. दुसऱ्याची वही तुम्ही भरू नका. नवरे बायकांच्या वतीने बोलतात, मुलं आईच्या वतीने, आणि दस्तलेखक सगळ्यांच्या वतीने. पावरी मला येत नाही. पावरा बाई आली तर मी तिला तिच्या बरोबरच्या बाईशी पावरीत बोलायला लावते, मध्ये बोलत नाही, आणि नंतर मराठीत काय झालं ते विचारते. पुरुष बाहेर. एवढ्याने कामाला तास जास्त लागतो. लागू दे.

हक्कसोडीला मी आता हीच पद्धत लावते. कायदा आधी सांगते : हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. हे ऐकून कोणी थांबत नाही. कायदा माझ्या भाषेत असतो, त्यांच्या नाही. मग मी दस्त बाजूला ठेवते आणि म्हणते, बहिन, हा कागद काय म्हणतो ते तू अहिराणीत सांग. ‘सही’ हा शब्द न वापरता.

गेल्या आखाजीच्या आठ दिवस आधी एक आली होती. पन्नाशीची असेल, बरोबर धाकटा भाऊ, गाडीची किल्ली बोटात फिरवत. तिने पहिल्यांदा "भाऊले सही" असंच सुरू केलं. मी मान हलवली. मग "भाऊले नाव करी देस." कोणाचं नाव, मी विचारलं. "मनं नाव काढी टाकस." कशावरून? ती थोडी थांबली. बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. मग एकेक शब्द ठेवत म्हणाली, "बापना वावरमाईन मना हिस्सा सोडी देस. कायमना."

किल्ली फिरायची थांबली. ती भावाकडे वळली आणि विचारलं, "मंग आखाजीले बलावशी ना?"

भाऊ म्हणाला, "असं काय इचारस, बहिन?"

"नही, सांग. बलावशी ना?"

त्या दिवशी दस्त झाला नाही. दोघं उठून समोर रस प्यायला गेली. जाताना भाऊ मला म्हणाला, आखाजी झाल्यावर येऊ, ताई, कागद तसाच ठेवा. मी ठेवलाय. तारखेची जागा कोरी आहे.